बेळगावचे बाबा पदमनजी आणि चारचौघांतली श्रद्धा

1850 च्या आसपास मुंबईत काही शिकलेसवरलेले तरुण दार लावून जमत आणि पाव खात. पाव ख्रिस्ती माणसाने भाजलेला. तो पोटात गेला की जातिभेद न मानण्याची शपथ खरी ठरायची. ही परमहंस सभा, 1849 साली स्थापन झालेली. मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग तिचे अध्वर्यू. बैठक आटोपली की बरीचशी मंडळी घरी जाऊन नेहमीच्याच पंगतीला बसत. पुढे 1860 च्या सुमारास सभेची कागदपत्रं चोरीला गेली, नावं फुटणार अशी आवई उठली आणि सभा मोडली. विचार पटलेले होते, ते घरात सांगायची मात्र छाती नव्हती.

याच सभेत बेळगावचा एक पोरगा होता. बाबा पदमनजी, जन्म 1831, कासाराच्या घरातला. लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर 1820 साली बेळगावला आले होते. त्यांच्या मिशनच्या शाळेत बाबा शिकले, मग मुंबईच्या फ्री चर्चच्या शाळेत गेले. ख्रिस्ती धर्म मनाला पटला, तरी पाऊल काही उचलेना. ही चालढकल त्यांनी 1888 च्या ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात लपवून ठेवलेली नाही. धर्मांतराच्या कहाण्या एरवी झगमगीत असतात. या कहाणीत भीतीलाही जागा आहे, म्हणून ती वाचावीशी वाटते.

3 सप्टेंबर 1854 ला त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तोही बेळगावात. मुंबईच्या गर्दीत असली गोष्ट जिरून गेली असती. बेळगावात कुठल्याही गल्लीत वळलं की कुणाचा तरी मामा नाहीतर काका भेटणार. धर्म बदलला म्हणून वारसाहक्क जाऊ नये, यासाठी सरकारने 1850 सालीच कायदा केलेला होता. पण घरच्या पंगतीत पाट मांडायला कुठला कायदा लावणार? आईच्या हातचं जेवण, सणाचं आमंत्रण, विहिरीवरचा पोहरा. खरी किंमत इथे मोजावी लागायची, आणि ती एकट्या बाबांनाच नाही, मागे राहिलेल्या घरच्यांनाही.

त्या श्रद्धेचं पुढे काय झालं? बाप्तिस्म्यानंतर तीनच वर्षांनी, 1857 साली, ‘यमुनापर्यटन’ आलं. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचं नाव घेतलं जातं. कादंबरी म्हणून ती ओबडधोबड आहे, मधूनमधून प्रवचन सुरू होतं. पण विधवांचं केशवपन, त्यांची घरातली कुचंबणा ती नजर न चुकवता मांडते. बाबांनी शंभराच्या घरात पुस्तकं लिहिली. त्यांतली हिंदू धर्मावर तुटून पडणारी वादाची पुस्तकं आज फारशी कुणी उघडत नाही, आणि त्यात फार काही बिघडत नाही. दुसऱ्याचा देव खोटा ठरवायला लेखणी पुरते. दुसऱ्याच्या घरातल्या विधवेचं दुःख आपलं मानायला आणखी काहीतरी लागतं, आणि ते बाबांजवळ होतं.

श्रद्धा पटणं आणि ती जगणं यांतलं अंतर लक्ष्मीबाई टिळकांच्या आयुष्यातही दिसतं. त्यांची वाट बाबांहून संथ. नवऱ्याने, कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी, 1895 साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी 1900 साली. नवऱ्याच्या बाप्तिस्म्यानंतर दोघं काही काळ वेगळी राहिली. पुन्हा एकत्र राहू लागल्यावरही आधी त्यांनी आपलं सोवळं सोडलं नव्हतं. कुणाच्या हातचं पाणी चालतं, या प्रश्नाशी त्या घरातल्या घरात झगडल्या. ‘स्मृतिचित्रे’ या त्यांच्या आत्मचरित्रात हे सगळं हसतखेळत येतं, पण मामला साधा नव्हता. मन वळल्यावर हात वळायला वेळ लागतो. टिळकांनी स्वतः 1917 साली मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ मांडला.

बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणीकडच्या माणसाला मात्र ‘मिशन’ म्हटलं की धर्मांतराआधी मिरजेचा दवाखाना आठवतो. मिशनरी डॉक्टर विल्यम वान्लेस यांनी तिथलं रुग्णालय 1894 साली उभं केलं आणि 1897 मध्ये वैद्यकीय शाळा काढून इथल्याच मुलांना हाताशी धरलं. निपाणी-चिकोडीकडचे लोक दुखणं बळावलं की अजूनही मिरजेची वाट धरतात. जाताना कुणी धर्म विचारात घेत नाही.

आज बेळगावातल्या चर्चमध्ये उपासना मराठीत होते, कन्नडमध्ये होते, कोंकणी आणि इंग्रजीतही होते. रस्त्यावरच्या पाटीच्या भाषेवरून जिथे डोकी फुटतात, तिथे ही गोष्ट लहान नाही. तरीही एक जुनी गाठ सुटलेली नाही. गोव्यापासून या पट्ट्यापर्यंत अनेक ख्रिस्ती घरांत लग्न जुळवताना जात अजून विचारली जाते. उघडपणे नाही, मध्यस्थामार्फत, हळू आवाजात. बाप्तिस्म्याचा दाखला दोन्ही घरांकडे असतो, तरी बोलणी मूळ गाव आणि मूळ आडनावापाशी येऊन अडतात.