देवळातले हार आणि फॅमिली पेन्शन

प्रश्न : मी ६१ वर्षांची, मिरजेची. यजमान रेल्वेत होते, त्यांना जाऊन ९ वर्षं झाली. मुलगा बंगळूरला असतो. आमच्या भजनी मंडळात ७२ वर्षांचे एक गृहस्थ पेटी वाजवतात. विधुर आहेत, टपाल खात्यातून निवृत्त झालेले. माझ्या चष्म्याच्या दांडीचा स्क्रू पडला, तेव्हा त्यांनी दोरा ओवून गाठ मारून दिली होती. ते म्हणतात, देवळात हार घालू, नोंदणी नको, म्हणजे तुमची फॅमिली पेन्शन बुडणार नाही. या वयात ही यजमानांशी प्रतारणा होईल का? आणि असं गुपचूप लग्न देवाला चालेल का?

उत्तर : ताई, चष्मेवाल्याकडे पाच मिनिटांचं काम. तो दोरा अजून तसाच असेल, तर तुमचं मन तुम्हाला कळलेलं आहे.

प्रतारणेची शंका काढून टाका. पती निवर्तल्यावर दुसरा पती करण्याची मुभा पराशरस्मृतीतच आहे. १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांनी विधवा गोदूबाईंशी लग्न केलं, तेव्हा त्यांच्या मुरुड गावानं त्यांना वाळीत टाकलं. त्याच कर्व्यांना पुढे आपण महर्षी म्हणू लागलो. यजमानांचं श्राद्ध मुलगा करतो, तो करत राहील. त्या दिवशी त्यांच्या आवडीची भाजी तुम्ही खुशाल करा.

गुपचूप लग्नाला मात्र माझा विरोध आहे. रेल्वेच्या नियमाप्रमाणे मुलंबाळं असलेल्या विधवेची पेन्शन पुनर्विवाहानंतर थांबते. हा नियम मला जाचक वाटतो. एकाकी बाईला तो सोबत आणि पोट यांतलं एक निवडायला लावतो. पण विठ्ठलासमोर हार घालायचे आणि बँकेत त्याबद्दल तोंड मिटून बसायचं, हे खोटंच. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला देताना तुम्हालाच ते टोचेल. शिवाय यात घात तुमचाच आहे. विधिवत लग्न लागलं, तर नोंदणी नसली तरी ते लग्नच, म्हणजे पेन्शन घेणं ही फसवणूक. आणि नुसतेच हार घातले, तर कायदा त्याला लग्न मानत नाही. उद्या त्यांच्या माघारी त्यांच्या घरात तुम्ही कोण?

लग्न करायचं तर नोंदवून करा. त्यांचं टपाल खातं केंद्राचं आहे. तिथे निवृत्तीनंतर केलेल्या लग्नाच्या पत्नीलाही, पतीच्या माघारी, कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. मात्र त्यांनी तुमचं नाव पेन्शनच्या कागदपत्रांत वेळीच लावून घ्यायला हवं. आज किती बुडेल आणि पुढे किती मिळेल, याचा आकडा दोघांनी बसून काढा. तो झेपत नसेल, तर लग्न न करता, चारचौघांत सांगून एकमेकांना सोबत करा. त्यात मला पाप दिसत नाही. तसं ठरलं, तर त्यांनी मृत्युपत्र करून तुमच्या राहण्याची सोय लिहून ठेवावी. हे मागायला लाजू नका.

आणि मुलाला फोनवर सांगू नका. दिवाळीला तो येईल, तेव्हा पेटीवाल्यांना घरी जेवायला बोलवा. पान तुम्हीच वाढा.