पहिले पाऊल कोणाचे?

वाचन : प्रेषितांची कृत्ये ९:१०-१९



'राया अँड द लास्ट ड्रॅगन' हा डिस्नेचा २०२१ सालचा चित्रपट आपल्या मुलांपैकी काहींनी पाहिला असेल. आग्नेय आशियातील लोकजीवनावरून रचलेल्या या काल्पनिक कथेत नदीकाठची एक प्रजा पाच राज्यांत फुटते, आणि वैरातून उपजलेली पीडा माणसांचे दगड करते. शेवटी राया आपल्याजवळचा रत्नाचा तुकडा, जिने तिला दगा दिला त्या नमारीच्याच हाती देते व स्वतः दगड होते. तेव्हा नमारीचे मन वळते. ती तुकडे जोडते आणि लोक पुन्हा जिवंत होतात.

हनन्यापुढेही असाच प्रसंग होता. शौल दिमिष्कास आला तो विश्वासणाऱ्यांना बांधून नेण्यास. हनन्याने हरकत घेतली. तरी प्रभूने पाठविले म्हणून तो गेला, शौलावर हात ठेवले, त्याला भाऊ म्हटले. त्याचा भरवसा शौलावर नव्हता, पाठविणाऱ्यावर होता.

आपणही नदीकाठचेच, तापीकाठचे. एकाच मेजावरून प्रभुभोजन घेतो. मंदिराच्या पायऱ्या उतरताच काही घरे एकमेकांशी बोलत नाहीत. तेथे अंतःकरणे दगड झाली आहेत.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनो, मुलांना विचारा : पहिले पाऊल कोणी टाकले? मग तोच प्रश्न आपण मोठ्यांनी स्वतःस विचारावा, आणि पुढल्या प्रभुभोजनाआधी त्या दारी जावे.