निरुपयोगी वस्तूंचे प्रेम

सरकारी कचेरीत आयुष्य घालविणाऱ्या आपल्यासारख्यांना 'निरुपयोगी' हा शब्द नवा नाही. खुर्चीचा पाय मोडतो, पंखा कुरकुरू लागतो, टंकलेखनाचे यंत्र संगणकापुढे हार मानते. मग समिती बसते, डेडस्टॉक रजिस्टरातील नोंदीसमोर लाल शाईचा शेरा पडतो आणि ती वस्तू लिलावाच्या ढिगात जाते. असे शेरे मी स्वतः दहा वर्षे लिहीत आलो आहे. हा शेरा वस्तूविषयी काही सांगतो, की तो लिहिणाऱ्याच्या गरजेविषयी, असा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तो पडला चंदीगडला बदली होऊन आल्यानंतर, आणि तोही एका जुन्या ट्रॅक्टरामुळे.

ट्रॅक्टर हे येथे केवळ शेतीचे अवजार नव्हे, हे पंजाबात चार दिवस राहणाऱ्यालाही उमगते. परंतु जुन्या ट्रॅक्टरांवर जीव टाकणारी माणसे पाहिली की परप्रांतीयाला आश्चर्यच वाटते. चंदीगडहून जवळच पिंजौर आहे. तेथे एचएमटी या केंद्र सरकारच्या कंपनीने १९७१ साली चेकोस्लोव्हाकियाच्या सहकार्याने झेटोर जातीचे ट्रॅक्टर बांधावयास आरंभ केला. झेटोरचे मूळ गाव ब्रनो. तेथील शस्त्रास्त्रांच्या कारखान्यातून, महायुद्ध संपल्यावर १९४६ साली, हे ट्रॅक्टर बाहेर पडू लागले होते. पिंजौरचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्यास २०१६ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यता दिली. कारखान्याची फाईल मिटली. लोकांच्या मनातली मात्र मिटली नाही. सिद्धू मूसेवाला या लोकप्रिय गायकाची अंत्ययात्रा मे २०२२ मध्ये निघाली, ती त्याच्या आवडत्या एचएमटी ५९११ ट्रॅक्टरवरूनच.

माझ्या परिचयाचे एक सरदारजी आहेत. त्यांच्यापाशी दोन नवे ट्रॅक्टर आहेत आणि शेतीची सारी कामे त्यांवर होतात. तिसरा, जुना झेटोर, गोठ्याशेजारच्या छपराखाली उभा असतो. रविवारी सकाळी सरदारजी पाने आणि तेलाची बुधली घेऊन त्याच्यापाशी बसतात. डिझेलचा पंप कोठून मिळविला, कोणता बोल्ट मूळचा आणि कोणता नंतरचा, हे सारे त्यांना मुखोद्गत आहे. या ट्रॅक्टरांच्या रचनेतच एक सोय आहे. दोन, तीन आणि चार सिलिंडरांच्या नमुन्यांत पुष्कळ भाग समान ठेवलेले असल्याने एकाचा भाग दुसऱ्यास बसतो. म्हणूनच कारखाना मिटल्यावरही हे यंत्र जगते.

हा छंद पंजाबापुरता आहे असेही नाही. जर्मनीतील मानहाइम येथे लांझ कंपनीने १९२१ साली 'बुलडॉग' नावाचा ट्रॅक्टर काढला. त्याला एकच सिलिंडर होते. पहिल्या नमुन्याला मागचा गिअरच नव्हता. मागे जावयाचे तर इंजिन उलटे फिरवावे लागे. सुरू करण्यापूर्वी इंजिनाच्या डोक्यावरील गोळा दिव्याच्या ज्योतीने चांगला तापवावयाचा, आणि पुढच्या काळातील नमुन्यांत तर स्टिअरिंगचे चाक दांड्यासह उपसून ते बाजूच्या जड चाकात घालून झोका द्यावयाचा, असा सारा खटाटोप! आज किल्ली फिरविताच गाडी चालू होण्याच्या काळात तिकडची सुखवस्तू माणसे हा खटाटोप हौसेने करतात. उपयुक्ततेच्या तराजूत हे वेड ठरेल. पण जे यंत्र आपल्याकडून काहीच मागत नाही, त्याची आणि आपली ओळख कितीशी होणार?

येथवर माझे मन या मंडळींच्या बाजूने होते. पदवीसाठी तत्त्वज्ञान हा विषय घेतला होता, त्यामुळे कांटची आठवण झाली. १७८५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने एक भेद केला आहे. ज्याच्या जागी तितक्याच मोलाचे दुसरे काही ठेवता येते, त्याला किंमत असते; ज्याच्या जागी दुसरे काहीच ठेवता येत नाही, त्याला प्रतिष्ठा असते. प्रतिष्ठा त्याने माणसाकडे दिली आणि वस्तूंकडे किंमत ठेवली. या न्यायाने सुटे भाग अदलाबदल करता येणारा झेटोर म्हणजे निव्वळ किमतीच्या वस्तूचा आदर्श नमुनाच म्हणावयास हवा. तरीही सरदारजी म्हणतात, "मला हाच हवा, दुसरा नको." पंप दुसऱ्याचा, बोल्ट तिसऱ्याचा, मग 'हाच' म्हणजे नेमका कोणता? त्याच्या जागी दुसरा ठेवता येत नाही, असे त्यात उरले काय? मला वाटले, उरतो तो त्याचा इतिहास : तो कोणी घेतला, कोणत्या शेतात चालला, कोणाच्या हातांनी त्याची मूठ गुळगुळीत झाली.

म्हणून मी एकदा विचारले, "याचा पहिला मालक कोण?"

सरदारजी सहज म्हणाले, "ठाऊक नाही. मंडीतून घेतला. विकणारा घाईत होता, म्हणून स्वस्तात मिळाला."

त्या 'घाईत' या शब्दाशी मी अडखळलो. पंजाबच्या मालवा भागात जुन्या ट्रॅक्टरांच्या मोठ्या मंड्या भरतात. तेथे येणारा प्रत्येक ट्रॅक्टर म्हातारा झाला म्हणून येत नाही. मुलीचे लग्न, आजारपण, सावकाराचा तगादा यांसाठी रोख पैसा हवा म्हणून कित्येक शेतकरी तेथे उभे असतात. कर्जावर घेतलेला नवाकोरा ट्रॅक्टरही पडेल त्या भावाने विकतात. ज्या बोल्टाचा इतिहास सरदारजींना पाठ होता, त्याच्यामागे कदाचित कोणाचे तरी उतरलेले तोंड होते, आणि त्याचा इतिहास कोणीही राखला नव्हता. सरदारजी भले गृहस्थ आहेत. त्यांनी कोणाला फसविले नाही. पण माणसाचा इतिहास गाळून वस्तूचा जपला, तर कांटने तिला दिलेली किंमतच तेवढी शिल्लक राहते, मग तिला कितीही पॉलिश करा.

दुसऱ्यास बोल लावणे सोपे असते. आमच्या घरीही एचएमटीचा २५११ होता. १९९६ साली अण्णांनी तो जुनाच घेतला आणि २००९ साली माझ्या शिक्षणासाठी विकला. तेव्हा अण्णाही घाईतच होते. माझी पदवी, ही नोकरी आणि हा शेरे लिहिणारा हात, सारे त्या घाईतून आलेले आहे. मग मी तरी काय लक्षात ठेवले? त्या रात्री अण्णांना फोन केला आणि आपल्या ट्रॅक्टरचा नंबर विचारला.

"नंबर कुठला लक्षात राहतोय," अण्णा म्हणाले. "पण ज्यानं नेला त्याच्या पोराच्या लग्नाला मी जाऊन आलो होतो." थोडे थांबून ते आपणहून म्हणाले, "ट्रॅक्टर आणला तेव्हा हरण्या आणि मोत्या बाजारात नेले. हरण्या डावीकडचा, मोत्या उजवीकडचा. बदलून जुंपले तर पाऊल उचलत नसत."

मी फोन ठेवला. ट्रॅक्टर आला त्या दिवशी मी त्याच्या मडगार्डवर बसून गावभर मिरवलो होतो, हे मला स्वच्छ आठवते. बैल केव्हा गेले ते आठवत नाही. त्या जोडीच्या गळ्यातही त्या दिवशी कोणी न लिहिलेला तोच शेरा होता. आणि त्यांचा तर एकही भाग दुसऱ्याला बसणारा नव्हता. दरवर्षी पोळ्याला ज्यांची पूजा केली त्यांना कामापुरतेच पूजिले, हे सत्य कडू असले तरी सत्य आहे. अण्णांपाशी त्यांना पोसण्याइतका चारा नव्हता, हेही तितकेच सत्य आहे. सगळेच राखता येत नाही. जे राखता येत नाही त्याचे नाव आणि बाजू ध्यानात ठेवणे मात्र गरिबालाही परवडते.

केंद्र सरकारचे २०१७ चे सामान्य वित्तीय नियम मी अलीकडे पुन्हा चाळले. वस्तू जादा, कालबाह्य वा निरुपयोगी केव्हा ठरवावी? तिचा त्या मंत्रालयास किंवा विभागास उपयोग नसेल तेव्हा, असा नियमाचा आशय आहे. म्हणजे नियमानेही वस्तूवर निकाल दिलेला नाही. केवळ आपली गरज सरली, एवढेच म्हटले आहे. रजिस्टरातील रकाना अरुंद असतो, म्हणून आपण एकच शब्द लिहितो. तो मी यापुढेही लिहीनच. मात्र लिहिण्यापूर्वी कचेरीतल्या जुन्या शिपायाला एकदा विचारीन, की ही खुर्ची कोणाची होती?