मॅकरोनीची पाकिटं आणि वाहिनीचा परवाना

15 सप्टेंबर 2019 रोजी ट्युनिसियात राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीची पहिली फेरी झाली, तेव्हा त्यातले एक उमेदवार नबील करवी तुरुंगात होते. करचुकवेगिरी आणि काळा पैसा पांढरा केल्याचे आरोप त्यांच्यावर होते. मतदानापूर्वी उमेदवारांच्या चर्चा दूरचित्रवाणीवर झाल्या. इतर उमेदवार आपापल्या जागी उभे राहिले, करवींची जागा रिकामी राहिली. तरीही 15.6 टक्के मतं घेऊन ते दुसरे आले आणि अंतिम फेरीत पोहोचले.

ही मतं नेसमा टीव्हीने मिळवून दिली होती. 2007 मध्ये करवी बंधूंनी ही वाहिनी सुरू केली. पुढच्या वर्षी इटलीच्या बर्लुस्कोनी घराण्याची मीडियासेट आणि चित्रपट निर्माते तारक बेन अम्मार त्यात भागीदार झाले. त्या काळी ट्युनिसियाच्या सरकारी वाहिनीचं नावसुद्धा राष्ट्राध्यक्ष बेन अली यांनी सत्ता घेतली त्या 7 नोव्हेंबर या तारखेवरून पडलेलं होतं. अशा देशात 30 डिसेंबर 2010 च्या रात्री नेसमाने सिदी बूझीद या शहरातून सुरू झालेल्या सरकारविरोधी उठावावर चर्चा घडवली. सरकारी वाहिनी तोंड उघडत नव्हती तेव्हा खाजगी वाहिनीने ते केलं, हे श्रेय तिला द्यायलाच हवं.

2016 मध्ये करवींचा मुलगा खलील मोटार अपघातात गेला. मुलाच्या नावाने त्यांनी मदतकार्य सुरू केलं आणि नेसमा ते दाखवू लागली. करवी स्वतः दूरच्या गरीब गावांत जात, लोकांशेजारी बसत, त्यांची गाऱ्हाणी ऐकत. मग औषधं, घरातल्या वस्तू, मॅकरोनीची पाकिटं येत. विरोधकांनी त्यांचं नावच ‘मकरूना’ पाडलं. मला ही चेष्टा पटत नाही. सरकारी दवाखाना ज्या घरापर्यंत कधी पोहोचला नाही, तिथे औषध घेऊन कुणी आलं तर ते घेणारा मूर्ख नसतो. चूक घेणाऱ्याची नव्हती. औषध देणारा, ते देताना चित्रित करणारा, ते चित्रण रोज घराघरांत पोहोचवणारा आणि शेवटी मत मागणारा हे चौघे एकच होते, दोष तिथे होता. मदत हवी असेल तर कॅमेऱ्याला नाही म्हणायची सोय त्या घरातल्या म्हातारीला नव्हती. आपल्या दारिद्र्याचं चित्रण तिने मोबदला म्हणून दिलं.

हे रोखण्यासाठी ट्युनिसियाने एक व्यवस्था उभारलेली होती, आणि मला सगळ्यात जास्त चुटपुट तिचीच लागते. बेन अलींची सत्ता उलथवणाऱ्या क्रांतीनंतर 2011 च्या 116 क्रमांकाच्या वटहुकुमाने दृकश्राव्य माध्यमांसाठी स्वतंत्र नियामक मंडळ ठरलं आणि 2013 च्या मे महिन्यात नऊ सदस्यांचं ‘हायका’ अस्तित्वात आलं. वाहिनीचा परवाना ज्याच्या हाती, त्याने पक्षाचं पद सांभाळू नये, अशी अट हायकाने घातली. वाहिनी ना मालकाची बटीक, ना सरकारची, हा विचार अरब जगात दुर्मीळ होता. नेसमाने अटी मानल्या नाहीत आणि ती वर्षानुवर्षं परवान्याविना चालत राहिली. करवी तेव्हा सत्ताधारी निदा तूनिस पक्षातले वजनदार गृहस्थ होते, त्यामुळे हायकाच्या आदेशामागे बळ उभं करायची घाई कुणालाच नव्हती.

एप्रिल 2019 मध्ये, करवी सत्ताधाऱ्यांपासून वेगळे झाल्यावर, पोलीस नेसमात शिरले आणि यंत्रसामग्री जप्त झाली. जूनमध्ये संसदेने निवडणूक कायदाच बदलून अशा धर्मादाय प्रचारकांना अपात्र ठरवलं, पण राष्ट्राध्यक्ष एसेब्सी यांनी त्यावर सही केली नाही. जुलैत ते वारले. कायदा योग्य असेलही. पण प्रतिस्पर्धी मतचाचण्यांत पुढे दिसू लागल्यावर तो आठवला, तर लोक त्याला कायदा मानत नाहीत. करवींना आयतंच हौतात्म्य मिळालं.

अंतिम फेरीत कैस सईद यांनी 72.7 टक्के मतं घेऊन करवींना हरवलं. सईद यांच्याकडे ना वाहिनी होती, ना पक्ष. पडदा विकत घेऊन गादी मिळत नाही, असा दिलासा तेव्हा अनेकांना वाटला. 25 जुलै 2021 ला त्याच सईद यांनी संसद गोठवली. ऑक्टोबरमध्ये हायकाने नेसमा बंद केली. कारण जुनंच, परवाना नाही. नियमाला धरूनच होतं ते. पण संसदेच्या दाराशी लष्कराची गाडी उभी असताना नियम कुणाच्या बाजूने लागू होतोय, हे लोकांना वेगळं सांगावं लागत नाही. 2014 च्या राज्यघटनेत दृकश्राव्य आयोगाची तरतूद होती; 2022 च्या नव्या घटनेत ती नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात 54 क्रमांकाचा हुकूम आला. ‘खोटी बातमी’ पसरवल्यास पाच वर्षांपर्यंत कैद.

या हुकुमाचा अर्थ पुढे दिसला. मे 2024 मध्ये वकील सोनिया दहमानी यांनी एका खाजगी वाहिनीवर देशाच्या स्थितीबद्दल उपरोधिक उद्गार काढले. काही दिवसांत, ट्युनिसच्या वकील संघाच्या कचेरीतून, बुरखे घातलेल्या पोलिसांनी त्यांना पकडून नेलं. हा प्रकार घडताना फ्रान्स 24 ही परदेशी वाहिनी तिथून थेट प्रक्षेपण करत होती. पोलिसांनी तिच्या कॅमेरामनलाही ताब्यात घेतलं.