उशाशी बसणारे माणूस

रत्नागिरीच्या जिल्हा रुग्णालयात, मुलगे मुंबईस चाकरीला आणि आपण घर राखून मागे राहिलेली एखादी वृद्धा जेव्हा सलाईनची नळी उपसते व परिचारिकेस शिव्याशाप देते, तेव्हा तिला हेकट ठरवून मोकळे होणे हा अन्याय होय. कारण मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा रक्तातील सोडियमची घट यांनीही वार्धक्यात बुद्धिभ्रम होतो, आणि तो तिन्हीसांजेला बहुधा बळावतो. तिचा चष्मा हाताशी ठेवावा, तिच्याच संगमेश्वरी बोलीत सावकाश विचारपूस करावी. ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणासाठीच्या 2007 च्या कायद्याने सरकारी इस्पितळांत ज्येष्ठांसाठी शक्यतो खाटेची तजवीज केली आहे. ओळखीचा चेहरा मात्र घरूनच यावा लागतो. चाकरमान्यांनो, केवळ पैसे पाठवून थांबू नका. रजेचा अर्ज टाका आणि तिच्या उशाशी येऊन बसा.