इसब आणि फोडांचं नातं

सत्तरी ओलांडलेल्या माणसाला रात्ररात्र खाज सुटते. घरचे म्हणतात, उष्णता बाहेर पडतेय. डॉक्टर इसबाचं मलम देतात. काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी मांड्यांवर आणि पोटावर पाण्याने भरलेले टणक फोड उठतात, आणि तेव्हा कुठे आजाराचं नाव कळतं, बुलस पेम्फिगॉइड. त्वचेचा वरचा थर खालच्या थराला धरून ठेवणाऱ्या प्रथिनांवर शरीराची प्रतिकारशक्तीच उलटलेली असते. १९५३ साली वॉल्टर लिव्हर यांनी हा आजार पेम्फिगस या फोडांच्याच दुसऱ्या आजारापासून वेगळा ओळखला.

इसब बहुधा बाळपणी सुरू होतो, पेम्फिगॉइड म्हातारपणी. मग फोडांआधीची खाज इतकी इसबासारखी का दिसते?

उत्तराचा एक भाग जनुकांच्या परिसरात सापडतो. २००६ साली डंडीच्या आयर्विन मॅक्लीन यांच्या गटाने फिलाग्रिन या प्रथिनाच्या जनुकातले दोष इसबाशी जोडले. त्वचेचं बाहेरचं आवरण अभेद्य ठेवण्यात या प्रथिनाचा मोठा वाटा असतो. पण इसबाचे धागे आणखी पुढे जातात. पाचव्या गुणसूत्रावर इंटरल्यूकिन-४ आणि इंटरल्यूकिन-१३ यांची जनुकं शेजारीशेजारी आहेत आणि त्या पट्ट्याचा इसबाशी संबंध आहे. हेच दोन रासायनिक निरोपे पेम्फिगॉइडमध्येही दाह आणि खाज पेटवतात. सहाव्या गुणसूत्रावरच्या, प्रतिकारशक्तीशी निगडित एचएलए पट्ट्याशीही दोन्ही आजारांचे संबंध आढळले आहेत.

म्हणून लहानपणी इसब झालेल्याला उतारवयात फोड येणारच, असं मुळीच नाही. जनुकं कल दाखवतात, निकाल देत नाहीत. पक्षाघात आणि पार्किन्सन हे आजार, तसंच मधुमेहावरच्या ग्लिप्टिन गटातल्या गोळ्या यांचाही पेम्फिगॉइडशी संबंध दिसतो. शिवाय एका समाजातला निष्कर्ष दुसऱ्याला लागू पडेलच असं नाही. पेम्फिगसशी जोडलेला एसटी-१८ जनुकातला बदल ज्यू आणि इजिप्शियन रुग्णांत सापडला, जर्मन रुग्णांत नाही. जनुकांचे बहुतेक मोठे अभ्यास युरोपीय वंशाच्या लोकांवर झालेत. भारतीयांच्या नमुन्यांवर असं काम होणं म्हणूनच निकडीचं आहे.

या नात्याचा खरा फायदा उपचारात दिसला. इंटरल्यूकिन-४ आणि १३ या दोघांचा मार्ग अडवणारं डुपिल्युमॅब हे औषध अमेरिकेत २०१७ साली इसबासाठी आणि २०२५ साली पेम्फिगॉइडसाठी मंजूर झालं. साखर वाढवणाऱ्या, हाडं पोखरणाऱ्या स्टेरॉइड गोळ्यांवर महिनोन्‌महिने काढणाऱ्या वृद्धांसाठी ही मोठी गोष्ट आहे. किंमत मात्र बहुतेकांच्या आवाक्याबाहेर आहे.

घरातल्या म्हाताऱ्या माणसाची खाज मलमांनी थांबत नसेल, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे न्या. सगळ्या गोळ्यांची यादी सोबत ठेवा आणि मधुमेहाची गोळी आपल्या मनाने बंद करू नका. फोड आले नसले तरी त्वचेचा छोटा तुकडा आणि रक्त तपासून हा आजार ओळखता येतो.