शताधिपतीचा चाकर आणि आपला कामगार



दर रविवारी ख्रिस्तशरीर स्वीकारण्यापूर्वी आपण सारे मिळून एक लहानशी प्रार्थना म्हणतो. प्रभूने माझ्या घरी यावे एवढी माझी पात्रता नाही, पण त्याचा एक शब्द मला बरे करण्यास पुरेसा आहे, असा तिचा अर्थ. हे शब्द मुळात कोणाचे आहेत? पेत्राचे नव्हेत, योहानाचे नव्हेत. ते कफर्णहूम येथील एका रोमी शताधिपतीचे आहेत. लूकलिखित शुभवर्तमानाच्या 7 व्या अध्यायात त्याची हकीकत आली आहे. आणि ही विनंती त्याने स्वतःसाठी केलेली नाही. त्याचा चाकर मरणाच्या दारात होता, त्याच्यासाठी केली आहे.

आपण ही प्रार्थना म्हणताना चाकराच्या जागी स्वतःला ठेवतो. त्यात गैर काहीच नाही. परंतु वर्षानुवर्षे म्हणता म्हणता तो आजारी चाकर मात्र आपल्या ध्यानातून निसटला आहे. आज त्याची आठवण करू या.

त्या काळी चाकर आजारी पडला तर दुसरा विकत घेता येत असे. या मालकाने तसे केले नाही. माझ्या कामासाठी राबणाऱ्या माणसाचे आजारपण हा माझा प्रश्न आहे, असे त्याने मानले. यहुद्यांचे वडीलजन त्याची शिफारस करताना येशूला सांगतात, की याने आम्हांला सभास्थान बांधून दिले आहे. तो स्वतः मात्र आपल्या देणगीचा उच्चारही करीत नाही. प्रभू त्याच्या श्रद्धेची वाखाणणी करतो, सभास्थानाची नाही. सणाला मोठी वर्गणी देणाऱ्या आणि पदरच्या मजुराच्या औषधपाण्याकडे पाठ फिरवणाऱ्या प्रत्येकाने हा फरक ध्यानी घ्यावा.

आपल्या देशात मालकाच्या या जबाबदारीला कायद्याचे रूप 1948 साली मिळाले. राज्य कामगार विमा योजना त्या कायद्याने आली. तिच्यासाठी ठाण्यात आणि उल्हासनगरात कामगार रुग्णालये उभारली गेली. मुरबाडच्या एमआयडीसीत किंवा आसनगावच्या कारखान्यांत जाणाऱ्या आपल्या तरुणांना ‘ईएसआयचे कार्ड’ हा शब्द चांगला ठाऊक आहे. 2017 च्या जानेवारीपासून महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांना ही योजना लागू झाली. 2019 च्या जुलैपासून पगाराच्या 3.25 टक्के मालकाने आणि 0.75 टक्का कामगाराने भरावा, असे ठरले. म्हणजे दहा हजार पगार असेल तर मालकाचे 325 रुपये आणि कामगाराचे 75. त्या बदल्यात कामगाराला व त्याच्या कुटुंबाला उपचार मिळतात. ठरावीक वर्गणी भरलेली असेल, तर आजारपणात वर्षातून 91 दिवसांपर्यंत मजुरीचा 70 टक्के भागही मिळतो.

त्या कायद्यातील दोन गोष्टी प्रत्येक कामगाराने ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. एक, मालकाने आपला हिस्सा कामगाराच्या पगारातून कापायचा नाही. दुसरी, कामगाराच्या पगारातून कापलेली रक्कम ही त्याने विश्वासाने मालकाकडे सोपवलेली ठेव मानायची. ती कापून घेऊन भरलीच नाही, तर तो विश्वासघात होय. संत याकोब आपल्या पत्राच्या 5 व्या अध्यायात सांगतो, की मजुरांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि तो आक्रोश परमेश्वराच्या कानी पोचतो. पगाराच्या चिठ्ठीवर कापलेले आणि योजनेत कधीच न पोचलेले पैसे ही अडवून ठेवलेली मजुरीच आहे.

पण बंधू-भगिनींनो, इथेच एक मोठा प्रश्न उभा राहतो. ज्याला कागदावर मालकच नाही, त्याचे काय?

भाताची झोडणी उरकली आणि दिवाळी झाली, की मुरबाड-शहापूरच्या वाड्यापाड्यांतून कितीतरी कातकरी कुटुंबे भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. आधी बयाणा घ्यायचा, मग तो फिटेपर्यंत राबायचे. भट्टीवर मूल तापाने फणफणले किंवा बाईचे दिवस भरले, तर दवाखान्याचा खर्च मुकादम देतो खरा, पण तो बयाण्याच्या हिशेबात चढतो. पावसाच्या तोंडी हिशेब होतो तेव्हा अंगावर बाकी उरते आणि पुढच्या हंगामाला त्याच भट्टीवर जाणे भाग पडते. वेठबिगारी 1976 च्या कायद्याने बंद झाली. तरीही एका आजारपणाने माणूस पुन्हा तिच्यात अडकू शकतो. हंगामी कारखाने 1948 च्या कायद्याबाहेर ठेवले होते. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली, तिनेही दहा कामगारांच्या नियमातून हंगामी कारखाने वगळले आहेत. भट्टीवर राबणाऱ्याच्या हाती कामगार विम्याचे कार्ड क्वचितच दिसते.

परदेशातही हा वाद आहे. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, 1942 साली, सरकारने पगारवाढीवर बंधन घातले. मग कामगार टिकवण्यासाठी कंपन्या आरोग्य विमा देऊ लागल्या आणि तीच तिथली रीत झाली. परिणाम असा, की नोकरी गेली की कुटुंबाचा विमाही धोक्यात येतो. आणि माणूस आजारी पडला की पुष्कळदा पहिल्यांदा नोकरीच जाते. 2010 साली तिथे मोठा सुधारणा कायदा झाला. त्यावेळी तिथल्या महागुरुस्वामींनी सर्वांना उपचार मिळावेत असा आग्रह धरला आणि गर्भपाताला त्यातून पैसा जाऊ नये म्हणून त्या कायद्याला विरोधही केला. दोन्ही भूमिकांच्या मुळाशी एकच गोष्ट होती, मनुष्याच्या जिवाचे मोल. आपण यातून एवढा धडा घेऊ, की माणसाचे आरोग्य केवळ नोकरीच्या खुंटीला टांगून चालत नाही.

ख्रिस्तसभेची शिकवण याबाबत स्पष्ट आहे. पोप लिओ तेरावे यांनी 1891 साली ‘रेरुम नोवारुम’ या विश्वपत्रात कामगारांच्या हक्कांची बाजू मांडली. पोप जॉन तेविसावे यांनी 1963 साली वैद्यकीय उपचार हा प्रत्येक माणसाचा हक्क म्हणून गणला. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1981 साली लिहिले, की कामगाराला उपचार सहज, स्वस्तात आणि शक्य तर विनामूल्य मिळावेत. 2025 साली निवडून आलेल्या पोप महोदयांनी लिओ हेच नाव घेतले, तेही त्या तेराव्या लिओंच्या स्मरणार्थ.

म्हणून शताधिपतीच्या शेजारी शुभवर्तमानातला दुसरा एक माणूस उभा करू या. तो म्हणजे चांगला शमरोनी. रस्त्यात जखमी होऊन पडलेला मनुष्य त्याचा चाकर नव्हता, नातलग नव्हता, जातभाई तर नव्हताच. तरी शमरोन्याने जखमा बांधल्या, त्याला उतारशाळेत नेले, दोन दीनार दिले आणि वर अधिक खर्च झाला तर तोही देईन असे सांगितले. शताधिपती मालकाचे कर्तव्य शिकवतो आणि शमरोनी समाजाचे. ज्याला मालक आहे त्याच्यासाठी मालकाने भरावे. ज्याला नाही त्याच्यासाठी आपण सर्वांनी भरावे, आणि सरकारने आपल्या वतीने ते नीट पोचवावे.

आपल्या राज्यात 2012 साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, तिचेच पुढे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना असे नाव झाले. 2023 साली राज्य सरकारने तिची मर्यादा वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंत नेण्याचा आणि सर्व रेशनकार्डधारकांना तिच्यात घेण्याचा निर्णय केला. ही शमरोन्याच्या वाटेवरची पावले आहेत. पण या योजनेतून रुग्णालयात दाखल झाल्यावरचे ठरावीक उपचार होतात. टोकावड्याहून कल्याण-उल्हासनगरला जाण्याचे भाडे, सोबत बसलेल्या माणसाची बुडालेली मजुरी, घरी आल्यावरची महिन्यामहिन्याची औषधे, हे सारे घरावरच पडते. तिथे शेजाऱ्याची गरज लागते, म्हणजे आपली.

मग आपण काय करावे? ज्यांच्या हाताखाली माणसे आहेत त्यांनी स्वतःला विचारावे: माझ्या गाडीवरचा ड्रायव्हर, माझ्या बांधकामावरचा बिगारी, माझ्या शेतावरची बाई आजारी पडली तर तिचा खर्च मी उचलतो, की उधारीच्या वहीत लिहितो? आमचा धंदा लहान आहे, परवडत नाही, असे काहीजण म्हणतील. ते खोटेही नाही. म्हणूनच दहापेक्षा कमी कामगार असले तरी मालक आणि बहुसंख्य कामगार राजी असतील तर विमा योजनेत स्वखुशीने सामील होण्याची सोय नव्या संहितेत ठेवली आहे. बांधकामावर बारा महिन्यांत 90 दिवस काम केलेल्याला कल्याणकारी मंडळात नोंदणी करता येते, त्यासाठी त्याला दाखला द्यायला मालकाला एक पैसाही लागत नाही.

जे कामाला जातात त्यांनी पगाराची चिठ्ठी मागून घ्यावी आणि वाचावी. प्रत्येक लघु ख्रिस्ती समूहातील एखाद्या शिकलेल्या मुलाने किंवा मुलीने आपल्या वाडीतील घरांची रेशनकार्डे, आधारकार्डे आणि विम्याची कार्डे पाहून द्यावीत. नावातील एका अक्षराच्या चुकीमुळे ऐन वेळी रुग्णालयाच्या खिडकीवरून माणूस परत फिरू नये. भट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांचे हे काम दिवाळीपूर्वीच व्हावे.

आज वेदीपुढे येताना ती प्रार्थना पुन्हा आपल्या ओठांवर येईल. तेव्हा ज्याच्या घामावर आपली चूल पेटते अशा एका माणसाचे नाव मनात घ्या, आणि त्याच्यासाठीही तो एक शब्द मागा.

हे प्रभू येशू, आमच्या कारखान्यांत, शेतांत आणि भट्ट्यांवर राबणाऱ्या आजारी बंधू-भगिनींना आरोग्य दे. मालकांना शताधिपतीची श्रद्धा दे, आम्हां सर्वांना शमरोन्याचे हात दे. आमेन.